इंजिन वाजायलंय! खोलायच्या आधी काय ऐकायचं?

दिवाळी उलटली की मराठवाड्यात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि त्याच सुमाराला ट्रकमालकांचे फोन वाजायला लागतात. "मालक, गाडी वाजायली." एवढंच वाक्य. गाडी गॅरेजला नेली तर पाच मिनिटांत निकाल लागतो, "हाफ इंजिन करावं लागंल," म्हणजे इंजिन अर्धं खोलून आतले झिजलेले भाग बदलायचे. दुसऱ्या गॅरेजात "पंपाचं काम आहे." तिसरा चहा पीत म्हणतो, "चालू द्या हो, डिझेल गाडी हाय, वाजणारच."

तिघंही आपल्याला फसवतात असं नाही. खडखड एकच असते, तिची कारणं डझनभर असतात. एखाद्या कारणाला नट आवळून भागतं, एखाद्याला लाखाच्या घरातलं काम लागतं. आणि गंमत अशी, की नट ढिला असला तर अख्खी गल्ली दणाणते, पण क्रँकचं (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) बेरिंग गेलं तर आवाज दबका येतो, जुन्या वाड्यात कोणीतरी लांबून दार ठोठावल्यासारखा. म्हणून आवाज किती मोठा आहे यावर जाऊ नका. तो कशाने बदलतो ते बघा. कशाने वाढतो, कशाने बसतो आणि कशाने अजिबात हलत नाही, हे कळलं की अर्धं निदान झालंच.

## डिझेल मुळात वाजतं कशामुळे?

पेट्रोल इंजिनात ठिणगी टाकायला प्लग असतो. डिझेलमध्ये तसं काही नसतं. पिस्टन हवा १६ ते १८ पट दाबतो आणि त्या दाबानेच हवा ५०० अंशांच्या वर तापते. अशा तापलेल्या हवेत नोझल डिझेलचा फवारा मारतो आणि तो आपोआप पेटतो. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला आपलं इंजिन यशस्वी चालवून दाखवलं, तेव्हापासून तत्त्व हेच आहे.

आता स्वयंपाकघरात या. तेल कडकडीत तापलं असेल तर मोहरी पडता पडता तडतडते. तेल अर्धवट तापलेलं असताना मूठभर मोहरी टाकली तर आधी काहीच होत नाही. ती तळाशी साठते आणि मग सगळी एकदम फुटून ओट्यावर उडते. सिलिंडरमध्ये हेच घडतं. फवारा सुरू झाल्यापासून डिझेल पेट घेईपर्यंत सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढी दिरंगाई होते. तेवढ्या वेळात जे डिझेल साठतं ते एकदम पेटतं, दाब झटक्यात चढतो, आणि तो झटका लोखंडातून आपल्या कानापर्यंत येतो. डिझेलची ती ओळखीची कडकड म्हणजे हीच.

नवी कॉमन रेल इंजिनं (यांत सगळ्या नोझलांना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) शांत वाटतात त्याचं कारणही फोडणीतच आहे. त्यात आधी चार दाणे टाकून बघतात, म्हणजे डिझेलचा अगदी लहान फवारा मारतात. तो पेटला की मागून मुख्य फवारा. एकदम भडका होत नाही.

त्यामुळे दिरंगाई वाढवणारी कोणतीही गोष्ट कडकड वाढवते. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो. अशा पहाटे सेल मारला की पहिली दोन-चार मिनिटं इंजिन कडकडतं आणि पांढुरका धूर टाकतं. गरम झाल्यावर दोन्ही थांबलं तर गॅरेजला जायचं कारण नाही. भेसळीच्या डिझेलनेही हेच होतं. डिझेल किती लवकर पेट घेतं याचं माप म्हणजे सीटेन अंक, आणि आपल्याकडे पंपावरच्या डिझेलला तो किमान ५१ लागतो. टाकी भरली आणि त्याच दिवसापासून आवाज बदलला, तर इंजिनावर संशय घेण्याआधी टाकीवर घ्या.

## पहिलं काम: ऑइलचा काटा

निदान वगैरे सगळं नंतर. आवाज नवा असेल तर आधी ऑइलची पट्टी काढून बघायची आणि डॅशवरचा ऑइल प्रेशरचा काटा बघायचा.

इंजिनातल्या मुख्य बेरिंगा गोळ्यांच्या नसतात. अर्धगोल पट्ट्यांच्या दोन वाट्या असतात, त्यांच्यात क्रँकशाफ्ट फिरतो, आणि मध्ये ऑइलचा पातळ थर. बैलगाडीचं चाक वंगणावर फिरतं तसंच, फक्त इथे वंगण दाबाने सतत पोचवावं लागतं. थर आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही. दाब पडला की थर फाटतो.

गरम इंजिनाचा काटा स्लोवर, म्हणजे रेस न देता, थोडा खाली येतो आणि रेस दिली की चढतो. त्यात काही वावगं नाही. पण रेस देऊनही काटा चढत नसेल, किंवा लाल दिवा लागला असेल, आणि सोबत दबका ठोका असेल, तर गाडी जिथे आहे तिथेच बंद. "गेवराईपर्यंत तर जाऊ, पुढं बघू" हा हिशेब इथे चालत नाही. बेरिंगची वाटी फिरली की क्रँकला ओरखडे पडतात, आणखी ताणलं तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं बिडाचं अंग, फोडून बाहेर येतो. टोचनचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

काटा ठीक असेल तर श्वास घ्या. आता ऐकायला वेळ आहे.

## आवाजाचा ताल

ट्रकचं इंजिन स्लोवर मिनिटाला साधारण ६०० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला १०. पण व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, कारण सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांतून एकदाच डिझेल पेटतं. म्हणून एखादा टॅपेट (व्हॉल्व्ह दाबून उघडणारा भाग) ढिला असेल तर टिकटिक सेकंदाला ५ वेळा येते. शिलाई मशीन निवांत चालावं तशी, कानाला वेगळी कळणारी. क्रँकच्या गतीने येणारा ठोका त्याच्या दुप्पट. अल्टरनेटर क्रँकच्याही कितीतरी पट फिरतो, टर्बो तर मिनिटाला लाखाच्या आसपास. तिथे ठोका ऐकूच येत नाही, नुसती घरघर, करकर, शिट्टी.

आपल्या भाषेत आवाजांना इतके शब्द आहेत आणि गॅरेजात मात्र आपण सगळ्याला "खडखड" म्हणून मोकळे होतो. टिकटिक, टणटण, ठकठक, घरघर, खुळखुळ यांतला नेमका शब्द ड्रायव्हरने सांगितला तर मेकॅनिकचा तासभर वाचतो. टिकटिक वरून, हेडकडून येते. दबका ठोका खालून, चेंबरकडून, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याकडून. पत्रा खुळखुळतो आणि एका ठरावीक रेसलाच खुळखुळतो, थोडं वर-खाली केलं की गप्प.

## थंड की गरम, रिकामी की भरलेली

हा भाग नीट वाचा, कारण याचं उत्तर मेकॅनिककडे नसतं, ते ड्रायव्हरकडे असतं.

थंड असताना मोठा आणि गरम झाल्यावर बसणारा ठकठकाट बहुतेकदा पिस्टनचा असतो. लायनर (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडं) झिजून मोठा झाला की पिस्टन आत डावीकडे-उजवीकडे आपटतो, ढिली चप्पल टाचेवर वाजावी तसा. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून तापल्यावर पिस्टन फट भरून काढतो आणि आवाज दबतो. आपल्याकडे हा आजार का जास्त? शेतातल्या फुफाट्यामुळे. ऊस किंवा कापूस भरायला गाडी काळ्या रानात जाते. एअर फिल्टरच्या पुढची रबरी नळी कुठे तडकलेली असेल तर ती धूळ न गाळता आत जाते आणि लायनरला पॉलिश पेपरसारखी घासते. नळी स्वस्त असते, लायनर-पिस्टन नसतात.

बेरिंगचं उलट. ऑइल थंड असताना घट्ट असतं, वाढलेली फट झाकून घेतं. इंजिन तापलं, ऑइल पातळ झालं, की ठोका वर येतो. मे महिन्यात ४२ अंशांत दुपारी पहिल्यांदा ऐकू आलेला आणि पहाटे गायब होणारा ठोका म्हणून जास्त धोक्याचा. "सकाळी तर काहीच नव्हतं" हे वाक्य दिलासा नाही, तो पुरावा आहे.

आता वजन. बीडहून सोलापूरकडे निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. भरलेली गाडी तिथे जोर लावते तेव्हा ठोका वाढतो का, की रिकाम्या गाडीलाही तेवढाच आहे? रॉड आणि क्रँकचे आवाज वजनाने वाढतात. रॉडचा आणखी एक चाळा असतो. रेस देऊन एकदम सोडली की पाय उचलण्याच्या त्या क्षणी चार-दोन ठोके स्पष्ट ऐकू येतात. टॅपेटला वजनाशी काही देणंघेणं नाही, तो रिकामाही तेवढाच टिकटिकतो. गॅरेजात गाडी उभी असते आणि पाठीवर वीस टन नसतात. मेकॅनिक कितीही हुशार असला तरी घाटातला आवाज त्याला ऐकूच येणार नाही. तो तुम्हीच सांगायचा.

## आवाज इंजिनाचाच आहे, हे कोण म्हणालं?

आमच्या घरच्या दहा चाकीचा किस्सा सांगतो. ऐन हंगामात ठोका सुरू झाला, दणदणीत. एका गॅरेजने चेंबर न उघडताच क्रँकचं काम सांगितलं, रक्कमही सांगितली. वडिलांनी गाडी तिथून काढली आणि एका म्हाताऱ्या चाचांकडे नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवलं, ब्रेकचा पाय पाच-सहा वेळा दाबून हवा उतरवली आणि पायरीवर बसून राहिले. मी विचारलं, "चाचा, बघायलाव की नाही?" तर म्हणाले, "थांब बेटा, हवा भरू दे." मिनिटभराने नेहमीसारखं "फिस्स" झालं आणि त्याच क्षणी ठोका बसला.

दोष एअर ब्रेकच्या कॉम्प्रेसरमध्ये होता. हा कॉम्प्रेसर म्हणजे इंजिनाला जोडलेलं छोटं इंजिनच असतं. त्याला स्वतःचा पिस्टन, स्वतःचा रॉड. टाक्या भरल्या की त्याच्यावरचा भार निघतो. भार निघाल्यावर बसणारा ठोका त्याचाच असणार, क्रँकला ब्रेकच्या हवेशी काय घेणं? एक पान्हाही न लावता झालेलं ते निदान मी अजून विसरलो नाही.

अशाच दोन फुकटच्या तपासण्या आणखी आहेत. गाडी न्यूट्रलला, इंजिन स्लोवर, आणि क्लच पूर्ण दाबायचा. खडखड थांबली तर ती गिअरबॉक्सची आहे, क्लचने गिअरबॉक्सला इंजिनापासून तोडल्यावर ती थांबली. उलट क्लच दाबल्यावरच करकर सुरू होत असेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेरिंग. दुसरी तपासणी पट्ट्याची. इंजिन बंद करून फॅन बेल्ट उतरवायचा आणि अर्धा मिनिट, तेवढंच, चालवून बघायचं. घरघर गेली तर ती अल्टरनेटर, वॉटर पंप किंवा टेन्शनर पुलीची होती. बेल्ट नसताना पाणी फिरत नाही, म्हणून जास्त वेळ नको.

फाउंडेशनचे रबर (ज्यांवर इंजिन बसतं ते), सायलेन्सरची क्लॅम्प आणि उष्णता अडवणारा पत्रा हे हाताने हलवूनच कळतं. इंजिन थंड असताना हलवा, एवढंच.

## डिसमिस कानाला लावायचा

लांब डिसमिसचं टोक इंजिनावर आणि दांडा कानामागच्या हाडाला, ही गॅरेजातली जुनी रीत अगदी शास्त्रशुद्ध आहे. आवाज हवेपेक्षा लोखंडातून चांगला जातो, त्यामुळे बाकीचा गोंगाट मागे पडतो. हेडवर टेका, ब्लॉकच्या मध्यावर टेका, चेंबरजवळ टेका, कॉम्प्रेसरवर टेका. जिथे सर्वांत टोकदार ऐकू येईल तिथला दोष. पंख्यापासून आणि बेल्टपासून बाही, गमछा, केस लांब ठेवा.

त्यापुढची पायरी म्हणजे एकेक सिलिंडर बंद करून बघणं. जुन्या पंपाच्या गाड्यांत, म्हणजे जिथे पंप प्रत्येक नोझलला वेगळ्या पाइपाने डिझेल ढकलतो तिथे, मेकॅनिक नोझलच्या पाइपाचा नट ढिला करतो. त्या सिलिंडरला डिझेल मिळेनासं होतं आणि इंजिन मिस मारतं. आवाज पूर्ण गेला तर तिथलं नोझल टपकत असण्याची शक्यता मोठी, सोबत काळा धूरही असतो. नुसता मऊ झाला तर त्या सिलिंडरचा रॉड किंवा पिस्टन रॉडला जोडणारी गजन पिन. काहीच फरक पडला नाही तर ज्वलनाचा संबंध नाही, टॅपेट, टायमिंग गिअर किंवा बाहेरच्या जोडण्या तपासा.

कॉमन रेलच्या गाडीवर मात्र हा प्रयोग चुकूनही करू नका. बीएस-६ (१ एप्रिल २०२० पासून लागू झालेले प्रदूषणाचे नियम) आल्यापासूनच्या ट्रकांत ही रेल असतेच, त्याआधीच्याही अनेक गाड्यांत आहे. तिच्यातला दाब १,६०० बार आणि त्याहून पुढे जातो. ट्रकच्या टायरमध्ये ८ बारच्या आसपास हवा असते, म्हणजे हा दाब टायरच्या २०० पट. त्या दाबाने उडालेली डिझेलची धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते आणि बोट किंवा हात कापायची वेळ येऊ शकते. अशा गाडीत सिलिंडर बंद करायचं काम स्कॅनरनेच, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्राने.

## "स्कॅनरला काहीच दाखवत नाही, मग ठीकच असेल?"

नाही. स्कॅनर सेन्सरचं सांगतो, आणि बेरिंगची फट किती वाढली हे मोजणारा सेन्सर गाडीत नाही. रेलचा दाब कमी आहे, अमुक सिलिंडर कमी काम करतोय, हे तो चांगलं सांगतो. ढिला टॅपेट किंवा तडकलेला ब्रॅकेट त्याच्या गावीही नसतो.

उलट काही वेळा गाडी ठीक असते आणि आपण घाबरतो. बीएस-६ गाडीत धुरातली काजळी धरणारी जाळी असते. ती साफ करायला गाडी उभी असताना कधी कधी रेस आपोआप वाढते, आवाज बदलतो, सायलेन्सर तापतो. ड्रायव्हर घाबरून इंजिन बंद करतो आणि जाळी अर्धवटच साफ होते. डॅशवर तसा दिवा असेल तर काम पूर्ण होऊ द्या, फक्त गाडी पाचटाच्या किंवा वाळक्या गवताच्या ढिगाजवळ उभी नको.

## "टॅपेट आवळले की आवाज बंद, मग आवळून टाकू"

टॅपेट आणि व्हॉल्व्हमध्ये मिलिमीटरच्या काही दशांशांची फट मुद्दाम ठेवलेली असते. लोखंड तापून लांबतं, त्यासाठी ती जागा. फट जास्त झाली तर टिकटिक होते, त्याने त्रास होतो पण लगेच घात होत नाही. फट कमी झाली तर इंजिन छान गप्प होतं, आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. फटीतून जळता वायू जात राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. कंपनीच्या पुस्तकातला आकडा आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), यापलीकडे इथे अंदाज चालवू नये. थोडी टिकटिक असलेलं इंजिन मला गप्प केलेल्या इंजिनापेक्षा परवडलं.

## "चेंबर न उघडता बेरिंगचं कळेल का?"

बऱ्याच अंशी. ऑइल बदलताना जुना फिल्टर फेकू नका, कापून त्याचा कागद उन्हात पसरून बघा. चमचमणारे कण दिसले तर वर लोहचुंबक फिरवा. चिकटले ते लोखंडाचे, म्हणजे लायनर, रिंगा, गिअर, कॅम यांपैकी काहीतरी. न चिकटणारे तांबूस कण असतील तर बेरिंगची झीज तिच्या तांब्याच्या थरापर्यंत पोचली. बहुतेक बेरिंगांत वरच्या मऊ थराखाली तांब्याचा मिश्रधातू असतो. असा कागद हातात असताना मेकॅनिकने चेंबर उघडायला सांगितलं तर वाद घालू नका. कागद स्वच्छ असेल आणि तरी हाफ इंजिन सांगत असेल, तर त्याला कागद दाखवा आणि कारण विचारा.

व्हॉट्सॲपवर आवाज पाठवून निदान मागायची नवी पद्धत निघाली आहे. टिकटिक आणि शिट्टी त्यात कळते. पण फोन माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला असतो, खोल आवाज तो दाबून टाकतो. नेमका क्रँकचा दबका ठोका रेकॉर्डिंगमध्ये येत नाही आणि पलीकडून उत्तर येतं, "काही नाही, चालू द्या."

## जुनी गाडी घेताना

इथे वरचं सगळं उलटं वापरलं जातं. पिस्टनचा आवाज लपवायचा असेल तर विकणारा गिऱ्हाईक यायच्या आधी इंजिन तासभर चालवून ठेवतो. बेरिंगचा लपवायचा असेल तर घट्ट ऑइल भरतो, मग थंड असताना काही ऐकू येत नाही. दोन्ही लबाड्या एकदम साधत नाहीत, कारण पहिलीला इंजिन गरम लागतं आणि दुसरीला थंड. म्हणून गाडी थंडही ऐकायची आणि घाट चढवून गरमही. पोचल्या पोचल्या कॅबिन उचलायला सांगा आणि ब्लॉकला हात लावा. कोमट लागला तर भाव बोलू नका. जवळपास पाहुणे असतील तर मुक्काम करा आणि पहाटे, मालक उठायच्या आत, परत जा.